थंडीत टाकलेला रूळ

एक फेरी. धडपणे एक फेरी, एवढंच मागत होतो मी त्या इंजिनाला. स्टेशनातून निघायचं, पुलावरून जायचं, वळण घ्यायचं आणि परत स्टेशनात येऊन उभं राहायचं. पण वळणावर आलं की त्याची पुढची चाकं रुळावरून उतरायची आणि मागचे तिन्ही डबे त्याच्या अंगावर. त्या शुक्रवारी दुपारपर्यंत मी ते अकरा वेळा उचलून ठेवलं होतं.

आमच्या गच्चीवर टिनाची खोली आहे. तिथे प्लायवूडवर मी छोटी लाईन मांडली आहे, म्हणजे आमच्याकडची ती जुनी अरुंद रेल्वे, जी उखडून आता मोठी लाईन झाली. त्या लाईनवर माझे बाबा चाबीवाले होते. हातोडा आणि पाना खांद्यावर टाकून रोज आपल्या हद्दीतला रूळ पायी तपासायचा, रूळ धरून ठेवणाऱ्या लोखंडी चाव्या सैल झाल्या की ठोकायच्या, सांध्यांना ग्रीस लावायचं, हे त्यांचं काम. शाळेत मला त्याची लाज वाटायची. वडील रेल्वेत आहेत म्हणायचो आणि पुढचं गिळून टाकायचो. लाईन उखडली तेव्हा बाबा काही बोलले नाहीत आणि मीही काही विचारलं नाही. तेच मला आता खात होतं, म्हणून हा सगळा खटाटोप.

बाबांचे दोन्ही गुडघे गेलेले. सोमवारी धंतोलीतल्या दवाखान्यात ऑपरेशन ठरलं होतं, त्यानंतर कित्येक महिने जिने बंद. तसेही वर्षभरात ते गच्चीवर आले नव्हते. शनिवारी एकदा चढीन म्हणाले, एकदाच. म्हणून ती फेरी मला शनिवारच्या आत हवी होती.

आणि वळण काही ऐकेना. मी इंजिनाची चाकं घासूनपुसून घेतली. डब्यांना वजन यावं म्हणून त्यांच्या पोटात नट चिकटवले. वळणावरची खडी खरवडून काढली. खडी म्हणजे खाप्याहून आणलेली कन्हान नदीची रेती, चहाच्या गाळणीतून दोनदा चाळलेली आणि ड्रॉपरने पातळ गोंद थेंब थेंब सोडून बसवलेली. तीन रविवारांचं काम तासाभरात गेलं. रूळ खिळ्याने दाबला की तिथे सरळ व्हायचा आणि वीतभर पुढे जाऊन बाक काढायचा. सकाळी गाडी नीट जायची, दुपारी पडायची. एवढं दिसूनही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. ज्याच्याकडून ऑनलाईन रूळ मागवले त्याला शिव्या दिल्या, कूलरला दिल्या, बायकोने जेवायला हाक मारली तर तिच्यावर खेकसलो.

बाराव्यांदा गाडी पडली तेव्हा मी हातातली पक्कड टिनाच्या भिंतीवर फेकून मारली. खालून बाबांनी काय झालं म्हणून विचारलं. मी जिन्याच्या तोंडाशी येऊन ओरडलो, "काही नाही झालं. तुमाले यातलं काय समजते? पडून राहा तुमी."

मग जिन्यावर काठी वाजली. मी धावत खाली गेलो, हात धरायला लागलो, त्यांनी धरू दिला नाही. एका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, मध्ये थांबत, ते वर आले. स्टुलावर बसले. मी वर्षभर खपून केलेल्या स्टेशनाकडे, फाटकाकडे, त्यांच्या क्वार्टरसमोरच्या कडुनिंबाकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. एक बोट रुळावर ठेवलं आणि हळूहळू फिरवत वळणावर नेऊन थांबवलं.

"हा कधी टाकला?"

डिसेंबरात, मी म्हणालो.

"अन् सांध्यात गॅप?"

डिसेंबरातही त्यांनी हेच विचारलं होतं, खाली अंगणात उन्हाला बसून. हे खेळणं आहे बाबा, याला गॅप-बिप लागत नाही, असं मी तोंडावर सांगितलं होतं. त्यांनी पुन्हा विचारलं नव्हतं.

"थंडीत रूळ आखडते, उन्हात पसरते. त्याले जागा पायजे ना गा. नाही देल्ली तर तो बाजूले जाते."

मी हे सगळं व्हिडिओ बघून शिकलो होतो. त्यातला माणूस वीज अखंड खेळावी म्हणून एकूण एक सांधा सोल्डरने पक्का करायचा. त्याची रेल्वे कुठल्याशा थंड देशातल्या तळघरात होती, माझी नागपूरच्या मे महिन्यात टिनाखाली. चाबीवाल्याचा मुलगा मी, ग्रीसचा वास मारणाऱ्या शर्टांच्या घरात वाढलो, आणि सांध्यात फट ठेवायला विसरलो नव्हतो, मुद्दाम ठेवली नव्हती. मला स्वतःचाच राग आला.

त्यांनी एकेक सांधा दाखवला, मी बारीक करवतीने कापत गेलो. फटीच्या मापासाठी जुन्या लग्नपत्रिकेचा तुकडा घेतला. मी दोन तुकडे घालायला लागलो तर त्यांनी हात धरला. "आता रूळ तापून हाये, बारीकच ठेव. थंडीत आपोआप फाकन." कापल्यावर वीज तुटली, म्हणून मग प्रत्येक तुकड्याला खालून वेगळी वायर जोडायची होती. अर्ध्या वायरी होईस्तोवर त्यांचे गुडघे सुजले. मी त्यांना धरून खाली नेलं आणि उरलेल्या वायरी रात्री एकट्याने जोडल्या. शनिवारी त्यांच्याने पलंगावरून उठवेना. जे एकदाच चढायचं होतं, ते माझी चूक दुरुस्त करण्यात गेलं होतं.

शनिवारी भर दुपारी मी गाडी सोडली. ती गेली. पुलावरून, वळणावरून, पाच फेऱ्या, एकदाही न पडता. मी उड्या मारत खाली गेलो. जिन्यालगतच्या पलंगावर बाबा डोळे मिटून पडले होते.

"आयकलं," ते म्हणाले. "खट-खट बरोबर येऊन राहिली. पण फाटकापाशी एक सांधा बोलत नाही. तो बंद हाये."

माझं डोकं फिरलं. पाच फेऱ्या झाल्या, आता कसला सांधा, असं म्हणून मी तणतणत वर गेलो आणि फाटकापाशी भिंग धरलं. वायर जोडताना सोल्डरचा थेंब ओघळून फट बुजली होती. रडू आलं, पण तेही आधी रागाचंच आलं.

मी सांधा पुन्हा कापला. गाडी सोडली, जिन्याच्या तोंडाशी येऊन उभा राहिलो आणि खाली विचारलं, "बाबा, आता?"