गच्चीवरचं गरम पाणी

जळगावात बसस्टँडजवळ माझं लॉज होतं. गच्चीवर उन्हावर पाणी तापवायचं सोलर बसवलं ते धुळ्याकडच्या एका माणसानं. आला की तो आधी चपला काढून तापलेल्या गच्चीवर अनवाणी उभा राहायचा. "बठ्ठं ऊन वाया जास, भाऊ," असं म्हणायचा, जणू सगळं त्याच्याच घरचं कुणी सांडत होतं.

दोन वर्षांत बोअरच्या पाण्यातल्या क्षारानं नळ्या भरल्या. त्याची कंपनीही बंद पडली. तरी तो दर महिन्याला एसटीनं येऊन नळ्या ॲसिडनं धुवायचा. पाणी कोमटच राहिलं. गिऱ्हाइकं कुरकुरू लागली, तेव्हा मी सोलर भंगारात काढायचं ठरवलं. त्याला सांगताना माझी मान वर होईना.

"मीच काढी देस, भाऊ," तो म्हणाला. "दुसरा काच फोडी टाकी."

त्यानं एकेक बोल्ट सोडवला. हातगाडीवर चढवण्याआधी प्रत्येक काच ओल्या फडक्यानं पुसली.

भंगारवाला हसला. "वजनावर घेतो मी. पुसता कशाला?"

त्यानं शेवटची काचही पुसूनच चढवली. गाडी वळणाआड गेल्यावरही तो रस्त्यातच उभा होता. मी वरून चहाला हाक मारली. त्यानं मान हलवली आणि वर न बघता स्टँडकडे निघून गेला.