बाराव्या खुर्चीवरचे पाय

येशूने शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून आमच्या सौंसरच्या लहानशा चर्चमध्ये गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी बारा जणांचे पाय धुतात. त्या वर्षी पाळक आजारी होते, म्हणून ते काम माझ्याकडे, जुन्या शिक्षकाकडे आलं. मनातून मी फुलून गेलो होतो.

शेवटच्या खुर्चीवर बोरगावचा एक म्हातारा मजूर होता. त्याच्या भेगाळलेल्या टाचांत संत्र्याच्या बगीच्यातला चिखल वाळला होता, अंगठ्याची जखम चिघळली होती.

"राहू द्या जी, गुरुजी," पाय मागे घेत तो म्हणाला. "लई घाण आहेत."

"बरं," म्हणत मी सुटल्यासारखा उठलो.

तेवढ्यात माझी बायको बायकांच्या रांगेतून पुढे आली. तिने माझ्या हातातली परात घेतली, खाली बसून त्याचे पाय चोळून धुतले आणि पदराने पुसले. सगळे पाहत होते. मी टॉवेल धरून नुसता उभा होतो.

घरी आल्यावर मी विचारलं, "तुला किळस नाही आली?"

"आली न जी. पण तो बिचारा पाय धुवून घ्यायलाच तर बसला होता."

तिच्याकडे मान वर करून पाहणं मला जमलं नाही.