अण्णांच्या दहाव्याचा माईक

अण्णा, म्हणजे माझे वडील, शाळेत शिकवायचे आणि गावात आमदार आले की माईकवर उभे राहायचे. स्वागत, परिचय, आभार, सगळं त्यांच्याकडे. त्यामुळे आमच्या मतदारसंघाचा इतिहास मी त्यांच्या तोंडूनच ऐकला. पहिले आमदार एसटीनं आले होते. आमदारांसाठी राखीव असं लिहिलेल्या सीटवर खरोखरचा आमदार बसलेला आपण तेवढाच पाहिला, असं अण्णा सांगत. पुढचे जीपमधून आले. मग फेररचनेत आमचं गाव उचलून शेजारच्या मतदारसंघात टाकलं आणि जीपवाले आमचे राहिलेच नाहीत. आताचे काळ्या काचांच्या गाडीतून येतात.

आमदार बदलले, पण एक रीत टिकली. कोणाच्याही दहाव्याला नदीकाठचा विधी उरकला की श्रद्धांजलीची भाषणं. तिथंही माईक अण्णांच्याच हातात. जो जाई त्याच्या जाण्यानं कधीही भरून न निघणारी पोकळी निर्माण व्हायची. "तालुक्यात इतक्या पोकळ्या झाल्यात की चालायची भीती वाटते," असं अण्णा घरी येऊन म्हणत. शेवटच्या आजारपणात त्यांनी माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. माझ्या दहाव्याला भाषण नको.

मी हो म्हणाले. काका मात्र दहाव्याच्या आदल्या दिवशी माईकवाल्याला सांगून आले.

"काका, अण्णांना नको होतं."

"त्यांला नको आसंल. आजी-माजी दोन्ही आमदार येणार अन् आपण मुक्यानं बसायचं व्हय? लोक म्हणतील, मास्तरच्या मागं चार शब्द बोलायला माणूस न्हाय."

काकांशी वाद घालणं मला कधी जमलं नाही. पण अण्णांनी सांगितलेलं एक आठवत होतं. पहिला बोलला की दुसऱ्याला बोलावंच लागतं, नाहीतर त्याला कमीपणा येतो. म्हणजे थांबवायचं ते पहिल्याला.

सकाळी मांजरा नदीच्या काठावर जीपवाले माजी आमदार लवकर आले. आता थकलेले, काठी टेकत. चपला काढून सतरंजीच्या कडेला बसले. मी त्यांच्याजवळ गेले.

"अप्पा, एक विनंती आहे. तुम्ही बोलू नका. अण्णांची इच्छा होती."

त्यांनी काठी मांडीवर आडवी ठेवली. "गप बसा म्हणून लोकांनी मला सांगितलंय, पण मतपेटीतून. तोंडावर सांगणारी तूच पहिली."

मी सतरंजीची दुमडलेली कड सरळ केली.

"मास्तर माझा परिचय करून द्यायचे ना, तवा मलाबी वाटायचं, एवढा चांगला माणूस कोण आलाय गावात," ते म्हणाले. बोलणार की नाही, ते मात्र सांगितलं नाही.

काळ्या काचांची गाडी आली. विधी झाला, पिंडाला कावळा शिवला. काकांनी माईक हातात घेतला आणि माजी आमदारांना दोन शब्द बोलण्याची विनंती केली. अप्पा काठीवर भार देऊन उठले. माईक घेतला. त्यांनी माईक तोंडाशी नेला नाही. अंगठ्यानं बटण बंद केलं, काकांना परत दिला, अण्णांच्या फोटोला हात जोडले आणि जागेवर येऊन बसले.

आताचे आमदार जाकीट नीट करत अर्धे उठलेच होते. त्यांनी अप्पांकडे पाहिलं, मग लोकांकडे. म्हातारा माणूस गप राहिल्यावर आपण बोलणं बरं दिसेना. त्यांनीही फोटोला हात जोडले. त्यांच्या मागं जिल्हा परिषदेवाले, सोसायटीचे चेअरमन, सगळे मुकाट्यानं हात जोडून गेले. काका बंद माईक धरून उभे होते.

"लई बरं झालं," मागून कोणीतरी म्हणालं, "ऊन चढायच्या आत सुटलो."

मला हसू आलं आणि त्याबरोबर रडूही.

निघताना अप्पा माझ्यापाशी थांबले. "माझ्या दहाव्याला ये. अन् असंच पहिल्याला गाठ."

"येईन," मी म्हणाले.

घरी दारात पाय धुताना काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "बरं दिसलं तसं. अण्णाला पटलं असतं."