तेलाच्या जागी कुठलं पाणी

पाणीटंचाईवरच्या पत्रकाचा मसुदा मी दुर्गदबैलाच्या बाजारातल्या छापखान्यात देणार होते, त्याच्या आदल्या सकाळी अण्णानं तो वाचला. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. गुजरातेतल्या एका जुन्या तेलक्षेत्रावर नोकरीला. चौदा दिवस तिथं, चौदा दिवस इथं मळमड्डीत, घरी. विहिरी थकल्या की तेल वर यावं म्हणून कंपनी जमिनीत पाणी दाबते, हे त्याच्याच तोंडून ऐकलेलं. आमच्या नळाला आठवड्यातून एकदा पाणी. मला तेवढं पुरे झालं. गावांचं गोडं पाणी तेलासाठी गाडताहेत, असं मी ठणकावून लिहिलं.

अण्णा म्हणाला, हे खोटं आहे, आणि छापलंस तर माझी नोकरी जाईल.

नोकरी हेच खरं कारण, मला वाटलं. त्यानं टेबलावर बोट ओढलं. विहीर खाली जाते, मग आडवी वळून तेल मुरलेल्या दगडातून लांबवर जाते. शेजारच्या विहिरीतून दाबलेलं पाणी तेल तिच्याकडे ढकलतं. ते पाणी तेलाबरोबरच वर आलेलं, खारं. गाळून परत घालतात. कंपनीच्या माहितीपुस्तिकेत हेच, याच क्रमानं होतं. पत्रकं वाचत मोठी झालेय मी. पाठ केलेलं बोलणं मला कळतं.

नळ आला होता, आई घागरी भरत होती. मान न वळवता तिनं विचारलं, "वर आलेलंच पाणी परत घालता. मग तेल काढलं त्याची जागा कशानं भरता रे?"

अण्णानं टेबलावरचं बोट उचललं. "बाहेरून घ्यावं लागतं थोडं."

"कुठनं?" मी विचारलं.

"कुंपणाबाहेरून पाइप येतो. मी कधी विचारलं नाही."

मी गोड्या पाण्याची ओळ खोडून त्याखाली पाइपचा प्रश्न लिहिला. आता तर आतली माहिती कुणी दिली ते कंपनीला उघडच कळलं असतं. विचारून येतो, तोवर थांब, अण्णा म्हणाला आणि मसुदा घेऊनच कामावर गेला. वेळ काढतोय, हे मी आईला दोनदा बोलून दाखवलं.

चौदा दिवसांनी तो परतला. पाइप कुठून येतो ते कुणी सांगितलं नव्हतं. पुन्हा विचारू नकोस, एवढं मात्र साहेबांनी बोलावून सांगितलं होतं.

"मग?"

"मग काय. छाप की."

मसुदा माझ्या हातात देऊन छापखान्यात जायला त्यानंच स्कूटर काढली. यानं ओळी बदलल्या तर नसतील, म्हणून मी मागं बसून मसुदा पुन्हा वाचला. एकही बदललेली नव्हती.