सात चिकूंची हंडी

एका हिवाळ्यात मी आमच्या भाऊजींच्या उकडहंडीखालचा, खरे तर हंडीवरचा, जाळ चोरला, त्यावर अंघोळीचे पाणी तापवले आणि पुढची अकरा वर्षे गप्प राहिलो. हे आधीच सांगून टाकतो. कारण भाऊजींविषयी बोलू लागलो की ही गोष्ट मी शेवटासाठी राखून ठेवतो आणि शेवटी ती राहून जाते. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. डहाणूच्या किनाऱ्यालगत त्यांची चिकूची वाडी आहे. घड्याळाचा शोध लागला नसता तरी ज्यांचे काहीही अडले नसते, असे पृथ्वीतलावर ते एकटेच गृहस्थ असावेत.

भाऊजी वेळ चिकूत मोजतात. पिकलेला चिकू नखाने सोलून, त्याच्या चार फोडी करून, बिया बाजूला काढत, मध्ये एक अक्षर न बोलता खाऊन संपवायला जो अवकाश लागतो, तो एक चिकू. वाडीपासून सरावली स्कूटरवर दीड चिकू, वेवजी सहा चिकू, आणि ताईचे माहेरी जायचे आवरणे पाच चिकू. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात ते तिला म्हणाले होते, “मी अर्ध्या चिकूत निघतो.” नव्या नवरीने बशीत अर्धा चिकू आणून समोर ठेवला. भाऊजींनी तो शांतपणे खाल्ला आणि उठून नेमके वेळेवर निघाले. थंडीचेही त्यांचे स्वतःचे शास्त्र आहे. तुळशीचे लग्न झाले की ते कानटोपी चढवतात, मग बाहेर घामाच्या धारा लागोत. “थंडीची वाट बघायची नसते,” असे ते कपाळ पुसत सांगतात, “थंडीला आपण तयार दिसलो पाहिजे.”

नाताळच्या सुट्टीत सगळे नातेवाईक आणि स्नेही वाडीवर जमत, ते भाऊजींच्या उकडहंडीसाठी. वालपापडी, कोनफळ, रताळी, वांगी, लसणीच्या पातीचा हिरवा मसाला, असे सारे मडक्यात थरांनी भरायचे, रानातल्या वासाच्या पाल्याने तोंड बंद करायचे, मडके जमिनीत उपडे ठेवायचे आणि वरून पेंढा व गोवऱ्या रचून पेटवायचे. हे सगळेच करतात. भाऊजींचे वैशिष्ट्य पुढे सुरू होई. ते जाळाकडे पाठ करून खुर्चीत बसत आणि सात चिकू खात. पाठ अशासाठी की, त्यांच्या मते, कुणी बघत असले की हंडी लाजते आणि आतून शिजत नाही. त्यामुळे पाहुण्यांनाही समुद्राकडे तोंड करून बसावे लागे. वीस-पंचवीस माणसे एका दिशेला डोळे लावून निमूट बसलेली पाहून रस्त्यावरून जाणारे लोक थांबत आणि समुद्रात काय बुडाले, अशी चौकशी करत.

अकरा वर्षांपूर्वीच्या त्या सकाळी मी पुण्याहून आलो होतो. अंघोळीला माझा नंबर शेवटचा लागला. न्हाणीघरामागचे चुलाण विझले होते आणि पाण्याला हात लावताच माझा धीर सुटला. सगळ्यांच्या पाठी जाळाकडे होत्या. भाऊजींचा दुसरा चिकू चालू होता. मी दोन घमेली धगधगत्या गोवऱ्या उचलून चुलाणात घातल्या. कढत पाण्याने स्वच्छ न्हालो, पावडर लावली आणि सर्वांत पुढच्या खुर्चीत येऊन बसलो.

सातवा चिकू संपला. हंडी उघडली. वालपापडी शेतात होती तितकीच हिरवी होती. भाऊजींनी कोनफळाचा तुकडा तोंडात घातला आणि तो चावण्याचा आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला.

“मडकं फुटकं होतं,” ते म्हणाले.

मडके वेवजीहून त्यांच्या जिवलग मित्राने आणले होते. शाळेपासूनची मैत्री; भाऊजींच्या लग्नात त्यांचा फेटा त्याने बांधला होता. तो जागेवरूनच म्हणाला, “मडकं बराबर हाय. तुझा चिकू खोटा हाय.”

भाऊजींना कुणी काहीही म्हणावे. कानटोपीला हसावे, वाडीला नावे ठेवावीत. चिकू खोटा म्हणू नये. दोघे उठले, दोन दिशांना गेले आणि त्यानंतर एकमेकांशी बोलले नाहीत. मी तेव्हा केस विंचरत होतो.

पुढचे प्रत्येक वर्ष हे माझ्या दोन घमेल्यांचे फळ होते. भाऊजींनी सुताराकडून सागवानी चिकू करून घेतला. खायचा प्रत्येक चिकू आधी त्याच्याशी ताडून पाहायचा. मडके पाण्याने भरून ते स्वतःच्या डोक्यावर एका चिकूइतका वेळ धरून उभे राहत. कानटोपी कोरडी राहिली तर मडके पास. जमीन गार पडली असेल या संशयाने त्यांनी तापाचे थर्मामीटर मातीत खुपसले, आणि मग ते कोणाच्या काखेत लावायचे यावरून घरात वाद झाला. वेवजीला जाणे मात्र त्यांनी सोडले नाही. दर डिसेंबरात ते स्कूटरने तिथे जात, मित्राच्या फाटकासमोर हॉर्न वाजवत आणि तो बाहेर आला की तोंड फिरवून शेजाऱ्याकडून मडके घेत. मित्रही कमी नव्हता. तो ओट्यावर बसून, भाऊजींना दिसेल असा, चिकू सालासकट दोन घासांत संपवी.

आणि जाळावर राखण करायला भाऊजींनी मला नेमले. “धाकल्या, तू बस,” ते म्हणत. “तुझ्यासारखा सरळ माणूस आपल्यात नाय. तुला हंडी लाजणार नाय.” सगळे समुद्राकडे बघत आणि मी एकटा त्या जाळाकडे. सांगून टाकावे असे दर वर्षी वाटे. पण परतीचे तिकीट खिशात असले की माणसाला कबुली पुढच्या खेपेवर टाकता येते.

यंदा ते तिकीट नव्हते. पुण्याची नोकरी सोडून, सरावलीचे वडिलांचे बंद घर उघडून आम्ही कायमचे परत आलो. सुट्टीच्या आदल्या दिवशी भाऊजींनी निरोप धाडला, “आता तू पाव्हणा नाय. अंघोळ घरनं करून ये.” तो मी दोनदा वदवून घेतला, पण त्यात दुसरा अर्थ नव्हता.

यंदा भाऊजींनी नवी कवळी बसवली होती. एकेक चिकू दुपटीने लांबला. चौथ्या चिकूला करपल्याचा वास आला. मी म्हणालो, “भाऊजी, आता काढूया.” त्यांनी बोटांनी तीन दाखवले, कारण चिकू चालू असताना बोलायचे नसते. हंडी उघडली तेव्हा आतले कोनफळ आणि बाहेरची गोवरी यांतला फरक सांगता येईना. पोरे हसली. ताईने त्यांना दटावले. भाऊजी निखाऱ्यांपाशी गेले. मग त्यांनी खिशातला सागवानी चिकू काढून निखाऱ्यांत टाकला.

“तो खरं बोलला होता,” ते म्हणाले. “चिकू माझाच खोटा. ही शेवटची हंडी.”

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांना रिक्षात घालून वेवजीला नेले. वाटेत ते एकदाही चिकूत बोलले नाहीत. मित्र अंगणात उन्हाला बसला होता. हॉर्न न वाजताच फाटक उघडलेले पाहून तो गोंधळून उभा राहिला.

भाऊजी म्हणाले, “तुझं मडकं बरोबर होतं. माझा चिकू खोटा.”

मित्राने त्यांना खाटेवर जागा करून दिली. मग म्हणाला, “नाय रे. मडक्याला चीर होती. बारीक. मी माती लावून बुजवली ती. तेव्हा बोलायची लाज वाटली, मग तू तोंड फिरवलंस.”

मग भाऊजींनी कानटोपी काढली आणि त्याच्या डोक्यात घातली, आणि दोघे खाटेवर शेजारी बसले. घरातून कुणी चिकूची बशी आणून ठेवली. सगळे मिटले होते. मी काही न बोलता चहा पिऊन परत येऊ शकलो असतो. माझे नाव कुठेच आले नव्हते. दोन म्हातारी माणसे माझा अपराध आपसांत अर्धा अर्धा वाटून घेऊन सुखाने बसली होती. तेच मला बघवेना.

“चीर नव्हे, चिकूही नव्हे,” मी म्हणालो. “जाळ मी नेला. दोन घमेली. अंघोळीला.”

मित्राच्या हातातला चिकू तसाच राहिला. भाऊजींनी कवळी जागेवर बसवली आणि पुष्कळ विचार करून विचारले, “पाणी तापलं होतं का?”

“कढत होतं.”

“मग धग चांगली होती,” ते मित्राला म्हणाले. तो मान हलवून हो म्हणाला.

मी उठून दोघांसमोर उभा राहिलो. अकरा वर्षे मनात घोळवलेल्या लांब वाक्यांपैकी त्या वेळी एकही आठवले नाही.

“भाऊजी, चुकलो,” मी म्हणालो. “काका, तुमचाही मी अपराधी आहे. तुमची दोघांची अकरा वर्षे माझ्यामुळे गेली. मला माफ करा.”