राजेळीला गवती चहाचं तेल

आगाशीच्या आमच्या वाडीत राजेळी केळी आहेत. ती पिकवून, सोलून, उन्हात वाळवली की सुकेळी होतात. आई गेल्यावर हे काम माझ्याकडे आलं आणि लागोपाठ दोन हंगाम माझा माल नासला. पिकायला घातलेल्या फण्यांच्या दांड्यांना बुरशी धरायची, साल काळी पडायची आणि गर उन्हात जायच्या आधीच आंबायचा.

धाकट्या भावाला तेवढंच निमित्त हवं होतं. राजेळी काढून तिथे लग्नांसाठी लॉन करायचं त्याच्या मनात होतं. सातबाऱ्यावर माझंही नाव आहे, हे तो सोयीने विसरला. माणूस बोलावून त्याने मापं घेतली, वाडीत फक्कीची पांढरी रेष मारली आणि मला म्हणाला, "ताई, यंदाही कुजली तर मी ऐकणार नाही."

बाजारातल्या औषधवाल्याने बुरशीची पावडर पुढे केली. काढलेल्या फळाला ही चालते का, विचारलं, तर म्हणे, "सगळेच मारतात." सगळे विहिरीत उडी मारतील, म्हणून मीही मारू? पुडी तिथेच ठेवून आले.

गवती चहाच्या तेलाने केळ्यांवरची बुरशी आटोक्यात येते, असं मी वाचलं होतं. साबणाचं सामान विकणाऱ्या दुकानातून बाटली आणली. फवारणीच्या पंपात पाणी भरलं, तेल ओतलं, ढवळलं आणि काढलेल्या फण्यांवर मारलं. पंप तळातून ओढतो आणि तेल वर तरंगतं, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही. पहिल्या फण्यांना नुसतं पाणी लागलं, त्या नेहमीसारख्या कुजल्या. शेवटच्यांना निव्वळ तेल लागलं, त्या भाजल्यासारख्या तपकिरी झाल्या.

भाऊ बघून हसला. "चहा छान झालाय, ताई. दूध घालायचं राहिलं वाटतं."

असा संताप आला! त्याचा कमी, माझाच जास्त. जन्मभर वरणावर तूप तरंगताना पाहिलं होतं ना मी? पण हात टेकणाऱ्यांतली मी नाही. आई रेशमी साड्यांचे तेलकट डाग रिठ्याने काढायची, ते आठवलं. रिठे उकळले आणि त्या पाण्यात तेलाचे थोडेच थेंब घोटले, पाणी दुधाळ होईपर्यंत. पुढच्या घडाच्या फण्या त्यात बुडवून, निथळवून पिकायला घातल्या. काही मुद्दाम तशाच ठेवल्या, भावाला शेजारी शेजारी दाखवायला.

न बुडवलेल्या काळ्या पडल्या. बुडवलेल्यांतल्याही दोन-चार गेल्या, खोटं कशाला बोलू? बाकीच्या पिवळ्याधमक पिकल्या. सोलून वाळवल्यावर तेलाचा वासही उरला नाही. भावाने एक सुकेळं खाल्लं, दुसरं उचललं आणि म्हणाला, "एकदा जमलं म्हणून काय झालं?"

मी कुदळ घेतली, राजेळीच्या बुंध्यालगतची कोवळी पिल्लं खणून काढली आणि फक्कीच्या रेषेवर एकेक लावत सुटले.

"ताई, अगं, ती लॉनची रेष आहे!"

"दिसतेय मला. सरळ मारलीयस, म्हणून तर तिच्यावरच लावतेय. उभा काय राहिलास? पाण्याचा पाइप इकडे ओढ."