झोयाचा जुना आवाज

“डिलीट कर,” झोया म्हणाली.

“करते, मॅडम,” मी म्हटलं, आणि तो ट्रॅक नुसता म्यूट केला.

सिडनीजवळच्या पॅरामॅटातला एक हॉल, दुपारचा साउंडचेक. मी लाइव्ह साउंड इंजिनीअर आहे, म्हणजे सोप्या भाषेत माइकवाली बाई. आता हे डिलीटचं प्रकरण काय ते सांगते. पॉप शोमध्ये स्टेजवर चार जण वाजवताना दिसतात, पण ऐकू येतं त्यातलं निम्मं एका लॅपटॉपमधून येतं. जादा ड्रम्स, कोरस, व्हायोलिन, सगळ्यांचे वेगवेगळे ट्रॅक. यात लपवाछपवी काही नाही, सगळे करतात. पण बऱ्याचदा त्यात आणखी एक ट्रॅक असतो. तो खुद्द गायिकेचा, स्टुडिओत गायलेला आवाज. गळा दगा देतोय असं दिसलं की आम्ही तो हळूच उघडायचा. ती ओठ हलवते, लोक टाळ्या वाजवतात आणि कुणाला कळत नाही.

झोयाचं मात्र कळलं होतं, आणि तेही अख्ख्या देशाला.

ही रशियातली पॉप गायिका. विशीत एक गाणं गाजलं आणि एका गिरणीच्या गावातली पोर थेट स्टेडियममध्ये जाऊन उभी राहिली. मग एका सणाच्या लाइव्ह टीव्ही कार्यक्रमात नाचता नाचता तिच्या हातून माइक पडला. माइक जमिनीवर, आणि आवाज आपला चालूच! तिकडे अशा उसन्या आवाजाला फानेरा म्हणतात. फानेरा म्हणजे प्लायवुड. ते नाव तिला चिकटलं ते चिकटलंच.

पुढे याहून मोठं झालं. वर्षानुवर्षं ही बाई सरकारी समारंभांत गात आली. युद्ध सुरू झालं तेव्हाही कितीतरी महिने गप्प होती. आणि मग एका शोमध्ये मध्येच थांबून म्हणाली, “मला हे मान्य नाही.” एवढंच. पुढचे शो रद्द, रेडिओवरून गाणी गायब. तिने देश सोडला. आता बाहेरच्या रशियनांपैकी अर्धे म्हणतात ही गद्दार, अर्धे म्हणतात आता कंठ फुटला होय? त्या दिवशी हॉलबाहेर दोन्ही पार्ट्या बोर्ड घेऊन उभ्या होत्या. एकमेकांचं तोंड बघत नव्हत्या, पण ही बाई नको यावर दोघांचं एकमत.

त्यात तिच्या स्वरयंत्राचं ऑपरेशन झालेलं. बोलायची घोगरं, आणि त्या गाजलेल्या गाण्यातला वरचा सूर आता लागत नव्हता. साउंडचेकला तिने दोनदा प्रयत्न केला, दोन्ही वेळा आवाज चिरकला. मी उगाचच वायरी तपासत बसले.

ती मेकअपला गेली तसा प्रमोटर ग्रीशा माझ्याजवळ आला. मूळचा तिकडचाच, इथे सिडनीत राहून कलाकार आणतो. मला काम त्यानेच दिलेलं.

“सूज, डिलीट नाही ना केलंस?”

माझं नाव सुजाता. इथे सगळ्यांनी त्याची सूज करून टाकली आहे. मराठी माणसाला त्याचा अर्थ सांगायला नको.

“म्यूट आहे.”

“शाब्बास. ती तुटली की उघड. आज फजिती झाली तर मेलबर्न आणि ब्रिस्बेनवाले हात वर करतील. मग तिला पुन्हा कोण उभं करणार?”

“आणि उघडताना पकडलं गेलं तर?”

“तू असताना कोण पकडणार, मेट?”

आली का पंचाईत! धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. म्यूट मी ग्रीशासाठी केलं नव्हतं, ती माझी खोड आहे. माझे पप्पा नागपूरला माइक-भोंगे भाड्याने द्यायचे. जयंतीच्या दिवसांत भीमगीतांचे कार्यक्रम असले की पप्पा आणि मी सोबत. “एक वायर लागते तिथं दोन नेजो, बाई,” ते म्हणायचे. “फेकून देल्लेली वस्तूच नेमकी कामाची असते.” पप्पांच्या तालमीतली मुलगी डिलीट कशाला करेल?

संध्याकाळी हॉल भरला. पहिली गाणी ठीक गेली. आवाज खरखरीत होता, पण तिचा होता. लोक ऐकत होते, पण हाताची घडी घालून. मग ते गाजलेलं गाणं आलं. बँडने सुरुवात करायच्या आतच पुढच्या रांगेतला एक माणूस ओरडला, “फानेरा!”

बरेच जण हसले. मागे कुणीतरी पुन्हा तेच ओरडलं. ग्रीशा माझ्या कानाशी, “उघड, सूज, आता उघड! ती तुटली!”

माझं बोट म्यूटच्या बटनावर. स्टेजच्या कडेला आमचा एक जादा माइक असतो. त्यावर बोललेलं फक्त माझ्या हेडफोनमध्ये येतं, हॉलला ऐकू जात नाही. झोया शांतपणे चालत तिथे गेली.

“सुजाता, तो ट्रॅक आहे ना अजून?”

मी मान हलवली.

“साउंडवाले कधी काही डिलीट करत नाहीत. लाव. मोठ्याने.”

ती लाव म्हणतेय असं सांगताच ग्रीशाने मोठा सुस्कारा सोडला. मला मात्र वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? म्हटलं, बाई, एवढा ताठा दाखवून शेवटी हेच? पण कलाकाराने सांगितलं की करायचं. बँड सुरू झाला, मी म्यूट काढला.

विशीतल्या झोयाचा आवाज हॉलभर झाला. काय आवाज होता हो तो!

आणि झोयाने माइक वर उचललाच नाही. हात खाली सोडून, तोंड घट्ट मिटून ती सगळ्यांसमोर उभी राहिली. तिचाच आवाज गात होता आणि ती ऐकत होती. ओठ हलवायचं नाटक नाही, हसणं नाही. हसणारे हळूहळू गप्प झाले. ग्रीशाने कपाळाला हात लावला.

अख्खं कडवं असं गेलं. मग तिने माझ्याकडे बघून हात वर केला. मी तो आवाज बंद केला. नुसती वाद्यं उरली, आणि त्यात ती शिरली. घोगरी, खालच्या पट्टीत. वरच्या सुराशी आली तशी टाळता आला असता तो, पण बाई त्याच्यावर चालून गेली. आवाज फाटला. तिने तो फाटलेलाच धरून ठेवला, श्वास संपेपर्यंत.

इतकी वर्षं या धंद्यात आहे, पण आवाजाच्या मीटरकडे बघायचं विसरले ते तेवढं एकदाच.

लोक उठून उभे राहिले. सगळे नाही. पुढच्या रांगेतला तो बसूनच होता. टाळी नाही वाजवली त्याने, पण पुन्हा ओरडलाही नाही.

नंतर मी वायरी गुंडाळत होते तेव्हा ती आली.

“सॉरी मॅडम, करते म्हणाले आणि केलं नाही.”

“सगळे असंच करतात.” मग माझ्याशेजारी स्पीकरच्या पेटीवर बसली. “ती मुलगी छान गायची. तिला लपवायचं काही कारण नव्हतं. ओठ हलवले ते मी. म्हटलं, एकदा दाखवून टाकावं.”

मी पुढची वायर गुंडाळायला घेतली.

“त्या दुसऱ्या गोष्टीचं मात्र असं दाखवता येत नाही,” ती म्हणाली. “इतके महिने मी गप्प होते, तेव्हा आत काही वाजत नव्हतं. खरंच गप्प होते.”

मी तिला पाणी दिलं.

ब्रिस्बेनवाल्यांनी हात वर केलेच. मेलबर्न कायम राहिलं. ग्रीशाला आता तोच प्रकार तिथेही हवा होता, हिट आयटम म्हणून. झोया त्याला म्हणाली, “असं एकदाच करतात. दुसऱ्यांदा केलं तर तेही प्लायवुडच.” मग माझ्याकडे वळली, “आता खरंच डिलीट कर.”

मी केलं. तिच्या डोळ्यांदेखत, बॅकअपसकट. धंद्यात पहिल्यांदाच.

घरी येऊन पप्पांना व्हिडिओ कॉल लावला आणि सगळं सांगितलं. म्हातारा उखडलाच. “बॅकअप बी उडवला? काहून बाई? आता ते गाईन कशानं?”

“गळ्यानं, पप्पा.”

त्यांनी जरा विचार केला.

“मंग माइक तरी दोन ठेवजो,” म्हणाले.